खाटेवर कात्री नाही

जळीत वॉर्डाच्या दाराबाहेर भिंतीला लावलेला एक लांब लाकडी बाक होता. तो पेशंटच्या नातेवाइकांसाठी. त्या सकाळी त्यावर वॉर्डाचा ड्रेसरच बसून होता, आणि येणारे-जाणारे थबकून बघत होते. कारण कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत एक लहान मूल जिवाच्या आकांताने ओरडत होतं.

"काका, तुम्ही बाहेर?" झाडूवाली म्हणाली. "मग आत कोण?"

"नवा ड्रेसर."

"आणि तुम्ही?"

"बसलोय."

"ते मलाही दिसतंय. पोर बघा केवढं किंचाळतंय. तुमचा कोंबडा काय संपावर गेलाय?"

झाडूवाली तोंडाळ होती, पण मनाने वाईट नव्हती. त्याचा चेहरा बघून तिने बादली उचलली आणि जिन्याकडे गेली.

या माणसाला सगळा वॉर्ड कोंबडेकाका म्हणायचा. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. मुलांच्या भाजलेल्या अंगावरची पट्टी सोडायची, जखम धुवायची, मलम लावून नवी पट्टी बांधायची, हे त्याचं काम. हे काम करणारे पुष्कळ असतात. पण मूल कमीत कमी कळवळेल अशा बेताने ते करणारा हाच एक, अशी त्याची ख्याती. आसपासच्या गावांतले डॉक्टर पोरं इकडे पाठवताना आईबापांना बजावायचे, "पट्टी कोंबडेकाकांकडूनच करून घ्या." असा माणूस आज बाहेर बसला होता, आणि आत ओरडत होती ती त्याची सख्खी नात. त्याला आत यायला मनाई केली होती ती त्याच्या सख्ख्या मुलीने.

मनाई मोडायला त्याला काही लागत नव्हतं. वॉर्ड त्याचा होता. पण महिन्याभरापूर्वी याच मुलीने, लग्नानंतर पहिल्यांदाच, आईजवळ निरोप दिला होता, "या सुट्टीत दोघं या." एरवी आईच एकटी तिच्याकडे जायची. 'दोघं' हा शब्द बायकोने घरी आल्यावर दोनदा उच्चारून दाखवला होता. त्याने रजा मंजूर करून घेतली होती. नव्या चामडी चपला आणल्या होत्या. एकदा आरशासमोर उभं राहून "मी तुझा आजोबा" असं म्हणूनही बघितलं होतं. बायकोने पकडलं तेव्हा म्हणाला, "दाढी बघत होतो."

"दाढी बोलायला लागली वाटतं," बायको म्हणाली होती.

नातीने त्याला कधी पाहिलं नव्हतं. ती जन्मली तेव्हा तो एकदा काचेतून बघून आला होता, तेवढंच.

तो नोकरीला लागला तेव्हा पट्टीची रीत सोपी होती. चौघांनी धरायचं आणि एकाने ओढायचं. दुखणं मारायचं औषध मुलांना हात राखून देत. जास्त झालं तर श्वास अडकेल ही धास्ती. मोठे सर्जन फेरीवर आले की म्हणायचे, "उरका, उरका. मूल विसरतं." हे वाक्य वॉर्डात सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. नर्सा म्हणायच्या. ज्यांनी पाय दाबून धरलेले असायचे ते घाम पुसताना म्हणायचे. मुलांच्या आया तर स्वतःची समजूत घालायला म्हणायच्याच. मुलांना कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा पट्टी मुलाच्या खाटेवरच करत. एक दिवस त्याने पाहिलं की एका पोरासमोर जेवणाची थाळी आणली, आणि थाळी बघूनच पोराने चादर ओली केली. पोटात भूक, समोर अन्न, आणि पोर थरथरतंय. बराच वेळ त्याला उमगेना. मग लक्षात आलं. जेवणाची थाळी आणि पट्टीचं सामान ठेवायची थाळी, दोन्ही एकाच घडणीच्या होत्या, एकाच दारातून येत आणि त्याच खाटेवर ठेवल्या जात. झाकण निघेपर्यंत खाली भात आहे की कात्री, ते पोराला कसं कळावं?

तो मेट्रनकडे गेला. कॉरिडॉरच्या टोकाला चादरींची खोली होती, ती मागितली.

"आणि चादरी कुठे ठेवू?" मेट्रन म्हणाली. "तुमच्या डोक्यावर?"

"माझ्या डोक्यावर ठेवा. पण पोरांना एक जागा अशी हवी की जिथे कुणी दुखवणार नाही. खाट त्यांची असू द्या. दुखवायचं ते त्या खोलीत दुखवू."

खोली मिळाली, मिळायला वेळ लागला एवढंच. वॉर्डाच्या दारावर त्याने स्वतः रंगवून लिहिलं, 'खाटेवर कात्री नाही'. पुढे इंजेक्शनलाही खाटेवर बंदी आली. मोठे सर्जनसुद्धा जखम उघडून बघायची असली की निमूट त्या खोलीत जाऊ लागले. मुलं खाटांवर झोपू लागली. आडवी होऊन झोपू लागली. त्याआधी कित्येक जण भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची.

"औषध हे डॉक्टरांचं खातं," तो म्हणायचा. "उरलेलं माझं." उरलेलं म्हणजे काय, तर पट्टी ओढायची नाही, कोमट सलाईन ओतत राहायचं, ती आपण होऊन सुटेपर्यंत. पहिलं टोक मुलानेच सोडवायचं. दुखणार असलं तर 'दुखणार नाही' म्हणायचं नाही. 'शूर मुलं रडत नाहीत' असं बोलणाऱ्या नातेवाइकाला बाहेरचा रस्ता. रडायचं तर भोकाड पसर, फक्त हात जागेवर ठेव. आणि मूल 'थांब' म्हणालं की चिमटा वर. खरोखर वर, म्हणजे हवेत, त्याला दिसेल असा.

आणि कोंबडा. रबरी हातमोजा फुगवून गाठ मारली की चार बोटांचा तुरा होतो आणि अंगठ्याची चोच. पेनाने दोन डोळे काढले की कोंबडेराव हजर. वॉर्डावॉर्डांत असे कोंबडे करतात. यात त्याचं काही नवल नव्हतं. पण इतरांचे कोंबडे शहाणे असायचे, मुलांना धीर द्यायचे. याचा कोंबडा भित्रा होता. पट्टी बघितली की त्याला घेरी यायची. "मला धर रे, मी पडतो," असं तो घोगऱ्या आवाजात म्हणायचा, आणि पट्टी ज्याची व्हायची ते पोरच कोंबड्याला घट्ट धरून समजूत घालत बसायचं. धीर देणाऱ्याला स्वतः घाबरायला फुरसत कमी मिळते.

त्याची एकुलती एक मुलगी पहिलीत असताना भाजली. घरात तिला ठमी म्हणत. आंघोळीचं उकळतं पाणी, गुडघ्याखालचा अख्खा पाय. सुरुवातीचे दिवस वॉर्डात निघाले. मग वॉर्डात कसलीशी साथ आली, तेव्हा मोठे सर्जन म्हणाले, "हिला घरी ने. तुझ्यासारखा ड्रेसर घरात असताना जंतूंमध्ये कशाला ठेवतोस?"

घर दोन खोल्यांचं. बायको म्हणाली, "पट्टी स्वयंपाकघरात करा. टेबलावर चादर घालते."

"टेबलावर काय? भाजी चिरायचीय का? पोरगी आहे आपली. तिच्या खाटेवर आरामात पडेल, खिडकीतून बाहेर बघेल."

"वॉर्डात तर खाटेला हात लावू देत नाही तुम्ही कुणाला."

"वॉर्ड वेगळा, घर वेगळं. इथे मी आहे ना."

कोंबडा ठमीवर चालेना. तो हातमोजा आहे आणि आवाज बाबांचा आहे हे तिला केव्हाच ठाऊक होतं. तेव्हा त्याने घरातली सगळ्यांत लाडकी वस्तू काढली. ठमीची रात्रीची गोष्ट. त्यानेच रचलेली, कधी न संपलेली, कारण संपायच्या आत ती झोपून जायची. 'एक होती गोगलगाय. तिच्या घराला दारच नव्हतं.' मग गोगलगाय रोज एकेकाच्या घरी दार मागायला जायची. मुंगीचं दार तिला फार छोटं व्हायचं, खेकड्याचं दार फक्त तिरकं उघडायचं, कासव म्हणायचं, आमच्याकडे दार नसतं, आम्ही डोकंच आत घेतो. ही गोष्ट आता सकाळी, चिमटा हातात धरून सुरू झाली.

पहिल्या दिवशी ठमी रडली. तो लाडाने म्हणाला, "ठमे, तू रडलीस ना, की गोगलगाय घाबरून थांबते. बघ, थांबली." आणि गप्प झाला. ठमीने हुंदका गिळला. "मग? मग ती कुणाकडे गेली?" गोगलगाय पुढे निघाली. पट्टीही पुढे निघाली.

त्या दिवसानंतर ठमी रडली नाही. तो वॉर्डात सांगायचा, "एक थेंब नाही डोळ्यांतून. गोष्ट चालू, पट्टी चालू." मोठे सर्जन बाहेरून आलेल्या डॉक्टरांना हे सांगायचे आणि त्याच्या पाठीवर थाप मारायचे.

पाय छान भरला. कातडी जराशी रंग सोडून, बाकी काही नाही. पण रात्री तो खाटेशी बसला की ठमी म्हणायची, "गोष्ट नको. झोप आलीय." मग ती स्वयंपाकघरात आईजवळ फरशीवर झोपू लागली. "खाटेवर उकडतं," म्हणाली. थंडी पडली तरी खाटेवर उकडतच राहिलं. तो कामावरून आला की हातांना जंतुनाशकाचा वास असायचा; वास आला की ती दुसऱ्या खोलीत जायची. दोनच खोल्या, त्यामुळे संध्याकाळभर ती त्याच्या पुढे पुढे सरकत असल्यासारखं दिसायचं.

"तिला तुमची भीती वाटते," बायको एकदा म्हणाली.

"माझी? अगं, साऱ्या मुलखाची पोरं माझ्याकडे..."

"साऱ्या मुलखाची पोरं पट्टी झाली की आपल्या घरी जातात. हिने कुठे जायचं?"

तो हसला. दिव्याखाली अंधार असतो हे लोकांच्या घरांबद्दल ऐकायला बरं वाटतं. पोरगी मोठी होतेय, लाजते, असं त्याने ठरवून टाकलं. पुढे शाळा जवळ पडते म्हणून ठमी मामाकडे राहिली. खरं तर मामाच्या घरून शाळा लांब होती. लग्न तिकडेच जमलं. लग्नातल्या फोटोत ती बापाच्या शेजारी उभी आहे, पण मध्ये आईला घेऊन.

मग ती आईला बोलवायची. बायको जाऊन यायची, नातीच्या गमती सांगायची, आणि तो ऐकत बसायचा. "जगाच्या पोरांना हसवता," बायको म्हणायची, "आणि आपल्या पोरीच्या दारात उभं राहायची सोय नाही. काय केलंत हो तुम्ही तिचं?"

"काही नाही केलं," तो म्हणायचा. त्याला तसंच वाटत होतं.

आणि आता हे. नातीने, सगळे तिला छोटी म्हणत, चहाच्या किटलीची वायर ओढली. खांदा आणि दंड. त्यांच्या गावचा डॉक्टर म्हणाला, "मोठ्या गावी न्या, तिथे एक कोंबडेकाका आहेत." ठमीने ते ऐकून घेतलं. दुसरं हॉस्पिटल जवळ नव्हतं.

वॉर्डाच्या दारात तो पुढे धावला तर तिने तळहात वर केला. "बाबा, तिथेच थांबा."

"अगं, पण मी..."

"तुम्ही हात लावायचा नाही. तिच्यासमोर यायचं नाही. दुसरं कुणीतरी करेल." बायको मागे पिशवी घेऊन उभी होती आणि फरशीकडे बघत होती.

दुसरं कुणीतरी म्हणजे नवा ड्रेसर. पोरगा कष्टाळू होता, हात चलाख होता. पण त्याचं म्हणणं, झटक्यात ओढलं की एकदाच दुखतं. काकांनी त्याला आदल्या दिवशी कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "जास्त वेळ भिजव. सुटू दे."

"काका, एकीला एवढा वेळ दिला तर बाकीच्यांनी काय करायचं? आणि तुम्हीच का नाही करत?"

पहिल्या पट्टीच्या वेळी तो वरच्या मजल्यावर सामानाच्या खोलीत जाऊन बसला होता. ओरडणं तिथेही पोचलं. दुसऱ्या पट्टीला मग तो बाकावर बसला. ऐकायचंच तर जवळून ऐकावं.

आतलं ओरडणं एकाएकी चिरकलं आणि दार उघडलं. ठमी बाहेर आली. केस सुटलेले, मनगटावर छोटीच्या नखांचे ओरखडे. मागून नव्या ड्रेसरने डोकं बाहेर काढलं. "ताई, फार लाथा मारतेय. धरायला दोघांना बोलावलंय. तोवर थांबू. आजी आहेत तिच्यापाशी."

ठमी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा होती.

"तुम्ही केलंत तर रडणार नाही ती?" तिने विचारलं.

"रडेल. पण एवढी नाही. रडायचं असेल तेवढं रडू देईन."

ठमी हसली. "मला नाही दिलंत."

"तू रडलीच कुठे? एक थेंब..."

"रडले की गोगलगाय थांबायची, बाबा."

तो बाकावर तिच्याकडे वळला.

"वॉर्डातली पोरं 'थांब' म्हणाली की तुम्ही थांबायचात. मला माहीत होतं. मी इथेच ऐकलं होतं ना, माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी येऊन सांगायची. घरी तुम्ही थांबत नव्हता. गोष्ट थांबायची. मग मी काय करणार? मी गोष्ट घेतली."

"मला वाटलं, तुला आवडतेय."

"आवडत होतीच की. ती एकच तर होती. तीही तुम्ही त्यात घातलीत. माझी खाट घातलीत, खिडकी घातलीत, तुमचा आवाज घातलात. काय ठेवलंत बाहेर?" ती हळू बोलत होती, कुणाला तरी पत्ता सांगावा तशी. "मला राग नाही, बाबा. राग असता तर कधीच भांडून मोकळी झाले असते. अजून कुणी 'एक होती' म्हटलं की पाय जळतो. माझ्या पोरीला मी गोष्ट सांगत नाही, माहितीये? गाणी म्हणते."

"सांगायचं होतंस ग मला."

"कुणाला सांगू? 'मूल विसरतं' म्हणणारे मूर्ख असतात, असं तुम्हीच घरी येऊन सांगायचात. मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे."

आत छोटी पुन्हा रडू लागली होती. अजून तिला कुणी हात लावला नव्हता. पुढच्याच्या धास्तीने रडत होती. तो आवाज त्याला चांगला ओळखीचा होता.

"मी आत जाऊ का?" त्याने विचारलं.

ठमीने डोळे पुसले. "जा. पण ड्रेसर म्हणून जा. आजोबा म्हणून नाही. तिला कळता कामा नये."

"मास्क लावतो."

"तोंड झाकाल. आवाजाचं काय कराल? मी झोपेतसुद्धा ओळखते तो. तीही ओळखेल. म्हणून सांगते, आज आत गेलात तर सुट्टीत यायचं नाही. नंतरही नाही. मला तो आवाज घरात नको. तिचं घर तिला राहू दे."

"आणि नाही गेलो तर?"

"तर बसा इथे. कधीतरी भरेल जखम, ओरडत ओरडत. आणि सुट्टीत या. म्हटलंय मी आईला. दोघं या."

कॉरिडॉरमधून दोन वॉर्डबॉय बाह्या सरसावत आले. त्यातला एक चांगला दांडगा होता. त्याच्या पकडीने मुलांच्या मनगटांवर वळ उठायचे. तो दारापर्यंत पोचला, तेव्हा कोंबडेकाका उठला.

"तुम्ही जा रे दोघं. धरायचं नाही कुणाला."

मग ठमीकडे न बघता म्हणाला, "तू चल आत. पण पाय धरायला नाही. डोक्याशी बस, केसांवरून हात फिरव. बाकी काही करू नकोस. तू दुखवणाऱ्यांतली नाहीस हे तिला दिसलं पाहिजे."

आत बायको छोटीला कुशीत घेऊन टेबलाशी उभी होती. तिने नवऱ्याला मास्क बांधताना पाहिलं, मागून आलेल्या मुलीचा चेहरा पाहिला, आणि तिला सगळं समजलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती.

"ड्रेसरकाका," ती म्हणाली, "आधी हिला पाणी पाजू का?"

"पाजा, आजी," तो म्हणाला.

त्याने खिशातला हातमोजा काढून फुगवला, डोळे काढले. छोटीने हुंदके देत देत बघितलं.

"हा खोटा कोंबडा आहे," ती म्हणाली.

"खोटाच आहे. हातमोजा आहे. पण घाबरलाय मात्र खरा."

"काका, काका," कोंबडा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हिला दुखणार आहे का?"

"हो, दुखणार आहे. पण पाणी घालून घालून सोडवली पट्टी, की कमी दुखेल. आणि ही 'थांब' म्हणाली की मी थांबणार."

"थांब," छोटी लगेच म्हणाली. त्याने तर अजून पट्टीला हात लावला नव्हता. त्याने दोन्ही हात वर केले. तिने थोडा वेळ बघितलं. त्याने हात खाली आणले. "थांब!" हात वर. पुन्हा खाली. "थांब!" हात वर. नवा ड्रेसर दाराशी चुळबुळ करत होता. काकांनी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. शेवटी तीच कंटाळली.

"बरं, कर," ती म्हणाली. "पण याला मी धरते. हा पडेल."

ती रडली. दंडाच्या आतल्या बाजूला पट्टी आली तेव्हा चांगली रडली, आणि कोंबड्याची मान तिने अशी पिळली की तो फुटायचाच बाकी राहिला. पण तिला कुणी धरलं नव्हतं. ठमीचा हात केसांवरून फिरत होता. कोमट पाणी टेबलावरून खाली गळत होतं आणि पट्टी एकेक धागा सोडत होती. कामाच्या भरात एकदा त्याच्या तोंडून जायचंच होतं, "शाब्बास माझी..." त्याने पुढचा शब्द गिळला आणि बाटली बदलली.

नवी पट्टी बांधून झाल्यावर छोटी म्हणाली, "तू परत येणार?"

"येणार. एक दिवसाआड."

"नको येऊस."

"मलाही नको वाटतं," कोंबडा म्हणाला. छोटीला जरा हसू आलं.

जखम भरेपर्यंत तो असाच एक दिवसाआड ड्रेसर झाला. तिच्या खाटेकडे तो कधी फिरकला नाही. वॉर्डातून पलीकडे जायचं असलं की मागच्या जिन्याने फेरा घालून जायचा. जो नियम तो ज्याला-त्याला सांगत आला होता, तो यावेळी घरच्या पोरीसाठीही पाळला.

घरी जायच्या दिवशी ठमी छोटीला कडेवर घेऊन कॉरिडॉरमधून निघाली, तर तो समोरून आला. मास्क नव्हता. छोटीने त्याला ओळखलं नाही. "काय, निघालात?" एवढंच तो म्हणाला, आणि छोटीने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"काकांना टाटा कर," ठमी म्हणाली.

छोटीने मान हलवली. नाही.

"राहू दे," तो म्हणाला.

"येते, काका," ठमी म्हणाली.

सुट्टी लागली. बायको एकटीच गेली. परत आली तेव्हा तो दारातच उभा होता.

"कशी आहे?"

"बरी आहे. हात पुरता वर जातो."

"झोपते कुठे?"

"आपल्या खाटेवर."

"ठमीजवळ नाही?"

"नाही म्हटलं ना. खाटेवर, एकटी, गाढ. किती वेळा विचाराल?" तिने पिशवी खाली ठेवली. "पुस्तकात कोंबड्याचं चित्र होतं, ते पान फाडून खिडकीबाहेर टाकलं. खरा कोंबडा आरवला तरी कान झाकते."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "कुणावर तरी जायचीच होती ती भीती. कोंबड्यावर गेली."

"कोंबड्यावर," बायको म्हणाली. तिला आणखी काही बोलायचं होतं, पण ती पाणी प्यायला आत गेली. आतून म्हणाली, "विचारत होती, आजोबा का नाही आले."

"मग?"

"मग काय? म्हटलं, कामातून सुटका नाही त्यांची."

नव्या चपला कपाटावर खोक्यातच होत्या. फुकट पडून राहण्यापेक्षा बऱ्या, म्हणून तो त्या घालून कामावर जाऊ लागला. चामडं कोरं, चालताना करकर वाजायचं. काही दिवसांत त्याच्या ध्यानात आलं की कॉरिडॉरमध्ये ती करकर सुरू झाली की वॉर्डातली पोरं खाटांवर उठून बसतात. एकाने तर नुसत्या आवाजानेच भोकाड पसरलं. त्याने तिथल्या तिथे चपला काढल्या आणि अनवाणी जाऊन झाडूवालीला दिल्या.

"नव्याच आहेत की! माझ्या नवऱ्याला होतील," ती म्हणाली. "पण काका, कुठे जायला घेतल्या होत्या?"

"कुठे नाही," तो म्हणाला. "ठेव तू."